शेजारीण विचारेपर्यंत

भांडुपच्या बाजारात, बांगडेवालीच्या पलीकडे
गोणपाटावर बसणारी बाई आंबाडे वाटे लावून विकते.
वाटा पन्नासला. घासाघीस केली
तर ती वाट्यातला एक उचलून घेते, घालत नाही.
मी दोन वाटे घेतले, निमूट.
पिशवीत टाकताना तिने एकेक हुंगला,
तान्ह्याची टाळू हुंगावी तसा,
आणि म्हणाली, उद्याच्यावर नका ढकलू.

म्हणून आज ओट्यावर
मिठाच्या बरणीला टेकवून फोन उभा केलाय.
पलीकडे शेवंतीमावशी,
म्हणजे तिचं अर्धं कपाळ, बाकी सगळी कौलं.
‘मावशी, गूळ किती?’
‘लागात तितको.’
‘मेथी?’
‘चिमटीत मावात तितकी. चिमटी तुझी, माझी न्हय.’
‘पाणी?’
‘आंबाडे बुडूक नयेत, पण भिजूक व्हये.’
मी पेनाला टोपण लावलं.
‘बरं, आणि उतरवायचा कधी?’
ती हसली. कौलं हलली.
‘शेजारीण इचारूक इली,
काय शिजयतंस गो, की उतरय.’
मग रेंज गेली, कौलांसकट.

तेल. मोहरी. हिंग.
मेथी लाल होता होता हात थरथरला, चार दाणे जास्त पडले.
ठेचलेले आंबाडे हिरवे होते ते
बघता बघता खाकी झाले, जुन्या गणवेशासारखे.
कोयीला काटे असतात यांच्या,
धागे सुटत नाहीत,
गर सोडतात तोही नाइलाजाने.
गूळ पडला तेव्हा कुठे थोडे नरमले.
बुडबुडे आधी घाईचे,
मग जड, जेवून उठलेल्यांसारखे,
एकेक येतो, बसतो, फुटतो.

मला माहीत आहे, ताटलीत थेंब टाकून बघतात.
थेंब पळाला नाही की झालं.
पण मी विचारलं होतं, आणि तिने सांगितलं होतं.
तेव्हा मी चिमणी बंद केली.
दार उघडून फटीत चप्पल अडकवली.

चौदावा मजला.
समोर १४०२. बुटांचे दोन जोड,
एक मरायला टेकलेलं मनीप्लांट.
तीन वर्षांत मी त्यांना ओळखते ती पार्सलांवरून:
दर मंगळवारी मांजराच्या खाण्याचं पोतं येतं.
मांजर ऐकलेलं नाही कधी.

मी ढवळत राहिले.
लिफ्ट वर गेली. लिफ्ट खाली आली.
पाक पळीच्या पाठीला धरायला लागला,
कडेने किंचित काळा,
आणि मी गॅस आणखी बारीक केला,
इतका, की ज्योत दिसण्यापुरती.
कोण येणार? इथे कुणी नाक घेऊन राहत नाही,
असं मनात आलं, आणि फोन थरथरला.

‘बी विंग अधिकृत’ ग्रुप.
कुणाकडे काही जळतंय का? गॅसलाइन तपासा!
सेक्रेटरी उचगावकर: सर्वांनी खिडक्या उघडाव्यात.
ड्रेनेज असणार, मी मागच्या सभेत बोललो होतो.
नाही हो, वरच्यांची धूपबत्ती.
वॉचमनला प्रत्येक मजल्यावर पाठवा.
अकरा मेसेज. मग एक नंबर, नाव नसलेला,
फोटोत झोपलेलं भुरं मांजर:
मेथी जरा जास्त झाली का?

मी उतरवला.

घावन काढायला पीठ भिजवलेलंच होतं.
दोन घावनांवर मेथांबा पसरला,
कोयी तशाच ठेवल्या, चोखायला,
ताटावर ताट झाकलं
आणि अडकवलेल्या चपलेतच पाय घालून
चार पावलं चालले.
बेल वाजवल्यावर आठवलं,
हाक काय मारायची ते ठाऊक नाही.
आत कुणीतरी कडी शोधत होतं,
आणि दाराच्या खाली, फटीत,
एक भुरा पंजा.

मेथी खरंच जास्त झाली होती.